शिट्टी, मशाल आणि राहिलेला उलटा सवाल

अमेरिकेत प्रायमरीच्या वेळी एकाच पक्षाचे इच्छुक टीव्हीवर समोरासमोर येतात आणि उमेदवार कोण, हे मतदार ठरवतात. आपल्याकडे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं. आपल्याला फक्त नाव कळतं.

२०२४ ची परभणी लोकसभा आठवा. महाविकास आघाडीचे संजय जाधव, चिन्ह मशाल. महायुतीचे महादेव जानकर, चिन्ह शिट्टी. २६ एप्रिलला मतदान झालं, जाधव निवडून आले. 'स्थानिक की बाहेरचा' हे प्रचारात भरपूर ऐकलं. पण सोयाबीनचं काय? तेव्हा हमीभाव ४,६०० रुपये क्विंटल होता, आणि बाजारात भाव त्याच्याही खाली. सभेत यावर कुणी बोललं, तरी उलटा सवाल कोण करणार? टाळी पडली की विषय संपला.

डिबेटमधून मतदाराला नेमकं तेच हवं असतं. सगळ्यांना एकच प्रश्न, सारखा वेळ, आणि वर 'पैसा कुठून आणणार?'

त्याच निवडणुकीत, मे महिन्यात, माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना खुल्या चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल हो म्हणाले, पण चर्चा काही झाली नाही.

मग आपण काय करायचं? गावात उमेदवार आला की प्रत्येकाला तोच प्रश्न विचारा, शब्द न बदलता. उत्तरात आकडा आणि तारीख मागा. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि अख्खं टाका, कापून रील नको. दोघांची उत्तरं शेजारी-शेजारी ऐकली, की झालं आपलं डिबेट!

तुमचा पहिला प्रश्न कोणता? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.