मानेतील दबलेली नस आणि श्रमिकाची रोजी

बाजार समितीच्या आवारात पोती वाहणाऱ्या हमालाच्या दंडातून कळ निघू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, की तो दोष हाताला देतो. प्रत्यक्षात दुखण्याचे मूळ अनेकदा मानेत असते.

मानेत सात मणके असून तेथून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. मणक्यांमधील गादी सरकली अथवा झिजलेल्या मणक्यावर हाड वाढले, तर मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो. यालाच ‘नस दबणे’ म्हणतात. सहाव्या व सातव्या मज्जातंतूंना हा त्रास अधिक होतो. त्यामुळे अंगठा किंवा मधले बोट बधिर होते.

बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. ओझे टाळणे, वेदनाशामक औषधे, व्यायाम व फिजिओथेरपी हे मुख्य उपचार होत. मात्र हाताची शक्ती घटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने तज्ज्ञांकडे जावे. मान झटकून नस ‘मोकळी’ करण्याचा प्रकार घातक ठरू शकतो.

उपचार साधे असले, तरी रोजंदारीवरील श्रमिकाला विश्रांती परवडत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. म्हणजे शस्त्रक्रियेला आधार आहे, ती टाळू शकणाऱ्या बाह्यरुग्ण उपचारांना नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उरलेल्या वाट्यात असे लहान, पण लांबणारे खर्च मोडतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण सेवा व आजारपणाचा भत्ता दोन्ही मिळतात. असंघटित श्रमिक बहुतांशी तिच्या बाहेर आहे.

माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, तर केरळने १९७८ मध्ये डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या कामगारांचा कायदा केला. त्यांनी रोजगाराचे नियमन व कल्याणाची तरतूद केली. आता प्राथमिक केंद्रावर फिजिओथेरपी आणि आजारपणातील वेतनाची हमी हे पुढचे पाऊल ठरावे. वेळेवर मिळालेली तीन आठवड्यांची सवेतन विश्रांती कायमच्या अपंगत्वापेक्षा देशाला निश्चितच स्वस्त पडेल.