भिवंडीच्या मोहल्ला समित्या

बंदोबस्त कडक असला की लोकांना सुरक्षित वाटतं, हा समज भिवंडीत टिकत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत बसून बोलू लागली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. अफवा उठली तेव्हा खात्री करून घ्यायला ओळखीचा पोलीस होता, हे त्यामागचं मोठं कारण मला वाटतं. अशा समित्यांत पुढारीच शिरतात, हा आक्षेप मात्र खोटा नाही. म्हणूनच तर खोपडे यांनी मिरवणाऱ्यांऐवजी मोहल्ल्यातल्या सामान्य रहिवाशांवर भर दिला होता.