पाण्याचा जमाखर्च

नगर शहर पर्जन्यछायेत वसले आहे. निजामशाहीत कपूरवाडीसारख्या उंचावरील गावांतील विहिरींचे पाणी नहरींच्या खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात येई. देखभाल सुटली आणि नळ बुजले. आज सावेडीची तहान २६ टीएमसीच्या मुळा धरणावर विसंबून आहे; वीज खंडित होताच उपसा थांबतो. याच तालुक्यातील हिवरे बाजार मात्र पावसाची जमा मोजून मगच पाण्याचा खर्च ठरवते. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे. जैन आचारात पाणी म्हणजे अप्काय जीव. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी छतावरचे पाणीही जमिनीत मुरवावे, टाकी ओसंडू देऊ नये. जमेपेक्षा खर्च वाढला, तर पेढी असो वा शहर, टिकत नाही.