ज्वालामुखीची चित्रे आणि उसाचे मळे



युनियनचा माणूस निसर्गचित्रांवर बोलणार, हे पत्रकावर वाचून काहींना हसू आले असेल. आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे वाचन झाले ते संपाच्या आणि टाळेबंदीच्या दिवसांत, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तिथेच एका जाड पुस्तकात हवाई बेटांवरची चित्रे आम्ही प्रथम पाहिली. काळोखी रात्र, खाली लालभडक रसाचे तळे, वर थंडगार चंद्र. शेजारी बसलेला आमचा जोडीदार म्हणाला, "झकास आहे हो! पण यात माणूस कुठाय?"

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे २,४०० मैलांवर ही बेटांची माळ आहे. सगळी लाव्ह्याची. तो खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पत्थराच्याच जातीचा. आपला निवून कोट्यवधी वर्षे लोटली एवढेच. किलाउएआ पर्वताच्या मुखात तर १९२४ सालापर्यंत तप्त रसाचे तळे बहुतेक सतत उकळत असे. बेटांवरचे लोक त्याला पेले देवीचे घर मानीत. १८८१ साली मौना लोआचा लाव्हा हिलो गावावर चालून आला तेव्हा राजकन्या रूथ स्वतः तिथे गेली आणि तिने देवीला नैवेद्य वाहिला. प्रवाह गावाबाहेर थांबला. चार्ल्स फर्नो नावाचा चित्रकार त्या प्रवाहाची चित्रे काढीत होता.

पण या मंडळींत मोठा तो ज्यूल्स ताव्हेर्निए. जन्म पॅरिसचा, १८४४ चा. अमेरिकेत मासिकांसाठी चित्रे काढून पोट भरले, सॅन फ्रान्सिस्कोत कर्ज केले आणि १८८४ च्या डिसेंबरात हवाईला आला. किलाउएआची रात्रीची चित्रे त्याने अशी रंगविली की या साऱ्या चित्रकारांना पुढे 'ज्वालामुखी संप्रदाय' असेच नाव पडले.

आता जोडीदाराच्या प्रश्नाकडे येऊ. ताव्हेर्निए उतरल्यावर दोनच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी १८८५ रोजी, जपानहून एक बोट होनोलुलूला लागली. तीतून ९०० हून अधिक माणसे उसाच्या मळ्यांवर कराराने आली. करार मोडून पळाला तर तुरुंग, असा तिथला १८५० चा कायदा होता. तो १९०० सालापर्यंत चालला. मळ्यावरच्या मुकादमाला 'लुना' म्हणत. आमच्या गिरणीतला जॉबर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वेगळे वर्णन नको.

ही माणसे चित्रात आलीच नाहीत काय? एकदा आली. त्याच मंडळींतल्या जोसेफ स्ट्राँगने १८८५ साली माउई बेटावरच्या मळ्यातले जपानी मजूर रंगविले. पण चित्र राजा कालाकौआने सांगून करविलेले, आणि ते गेले जपानच्या सम्राटाकडे. मजूर चित्रात आला तो नजराणा म्हणून!

तेव्हा ज्वालामुखी रंगविणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पूर्वी देत असू. चित्र म्हणजे भरल्या पोटाचा चाळा, असे आम्हीच सभांतून बोललो आहोत. ताव्हेर्निएची हकीकत वाचल्यावर ते बोलणे जिभेवर येईना. होनोलुलूतही त्याचे कर्ज वाढले, दारू वाढली, आणि देणे फिटल्याविना बेट सोडता येईना. खाली मळ्यात करार, वर डोंगरावर कर्ज. १८८९ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी तो तिथेच वारला. थडग्यावरचा दगड सॅन फ्रान्सिस्कोच्या मित्रांनी पाठविला.

मळ्यांवरच्या लोकांनी पुढे काय केले, ते सांगितल्यावाचून आम्हांला बसवणार नाही. आधीचे संप जातवार होत, म्हणून फसत. १९४६ साली जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज, सारे एकत्र उठले. ३४ पैकी ३३ मळे, सुमारे २६,००० कामगार, ७९ दिवस. जिंकले. शेवटचा मळा २०१६ साली माउईवर बंद पडला.

जोडीदार आता हयात नाही. स्ट्राँगच्या त्या चित्राची छापील प्रत आम्हांला सापडली ती तो गेल्यानंतर. आज सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर टेबलाशी येऊन जरूर पाहावी.