औषध घ्यावे, पण विचारून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत बोलायची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जे माझ्या घरी घडले ते आपल्या रिह्यात दुसऱ्या कोणाच्या घरी घडू नये, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंचे गुडघे फार दुखत. भाताच्या लावणीत सारा जन्म वाकून गेलेला. एका डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या. चार दिवसांत सासूबाई चालू लागल्या. आम्ही डॉक्टरांना देव मानले आणि वर्षभर पुड्या आणीत राहिलो. मग तोंड सुजले, साखर वाढली, आणि एके दिवशी ओसरीवर पाय घसरला तो मांडीचे हाड मोडले. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कसल्या होत्या?" कोणालाच सांगता येईना. ते म्हणाले, "स्टेरॉइडच्या असाव्यात. त्यांनी दुखणे थांबते, पण फार दिवस घेतल्या तर हाडे ठिसूळ होतात." हे आम्हांला आधी कोणी सांगितले नव्हते. ह्यांनी जाऊन जाब विचारला, तर उत्तर मिळाले, "तसल्या गोळ्या मी दिल्याच नाहीत." आमच्याजवळ ना चिठ्ठी, ना पावती. मुकाट्याने परत आलो.

त्यानंतर जाणत्या माणसांकडून मी कायदा समजून घेतला. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 1995 साली दिला. उपचार कसला, दुसरा उपाय कोणता आणि मोठा धोका कोणता, हे सांगूनच रोग्याची संमती घ्यावी, असे त्याच कोर्टाने 2008 साली ठरवले. क्वचित होणारा प्रत्येक त्रास सांगण्याची मात्र सक्ती नाही. म्हणून औषध बाधले की डॉक्टर दोषी, असे होत नाही. हयगय झाली हे आपल्याला दाखवावे लागते.

अशी दाद लोकांनी मागितली आहे. 1953 साली पुण्यात मांडीचे हाड मोडलेला एक तरुण मुलगा दगावला. भूल न देताच हाड बसवले, असे कोर्टात शाबीत झाले. 1968 साली सुप्रीम कोर्टाने वडिलांची 3000 रुपये भरपाई कायम केली. 1998 साली कलकत्त्यात अनुराधा साहा यांना अंगावर पुरळ उठले म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिवसातून दोनदा दिले. मुंबईला आणूनही त्या वाचल्या नाहीत. त्यांचे पती स्वतः डॉक्टर. ते 15 वर्षे झगडले, तेव्हा 2013 साली सुमारे 6 कोटींची भरपाई ठरली.

आपण काय करावे? डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: औषधाचे नाव काय, किती दिवस घ्यायचे, त्रास काय होईल, आणि झाला तर काय करायचे? चालू गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. चिठ्ठी, पावती आणि गोळ्यांची रिकामी पट्टी जपून ठेवावी. दवाखान्यातले कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यावेत असा नियम आहे. अर्ज लेखी द्यावा.

अपाय झालाच, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. उपचाराला दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही. जेथे कोणाकडूनच पैसे घेत नाहीत त्या सरकारी दवाखान्याला हा कायदा लागत नाही. तेथे दिवाणी कोर्टाची वाट आहे. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. औषधाचा त्रास 1800-180-3024 या फुकट नंबरावर कळवावा. त्याने भरपाई मिळत नाही, पण नोंद होते आणि पुढच्या रोग्याला उपयोग होतो. आणि भगिनींनो, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो.

सासूबाई आता काठीच्या आधाराने दारापर्यंत येतात. त्यांची लावणी सुटली ती सुटलीच. आमच्या घरी आता खुंटीला एक पिशवी टांगलेली असते. औषधाचा प्रत्येक कागद तिच्यात जातो. तुम्हीही आज घरी गेल्यावर अशी एक पिशवी टांगा, एवढीच माझी विनंती.