वरून हिरवे दिसते ते काय आहे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात आज मी ऑस्ट्रेलियातल्या एका नदीची हकिकत सांगणार आहे. तिथेही कापूस आहे, धरण आहे, आणि धरणाखाली कोरडे पडलेले शेतकरीही आहेत. शिवाय तिथल्या वादात जे हत्यार कामी आले, तेच हत्यार आता आपल्या तालुक्यात दुष्काळ आहे की नाही हे ठरवायला वापरतात.

नदीचे नाव मॅक्वारी. सपाट मुलखात आली की तिला फाटे फुटतात आणि पुराचे पाणी कोसच्या कोस पसरते. हा पूरपट्टा सुमारे २ लाख हेक्टरांचा. पाऊस वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अवर्षणाच्या तालुक्यांइतकाच. तरी तिथे बोरू, पाणगवत आणि रेड गमची राने आहेत. रेड गम म्हणजे आपल्या निलगिरीच्याच जातकुळीचे झाड. हे सारे पावसावर जगत नाही, पुरावर जगते. बहुतेक जमीन खाजगी, गुरे पाळणाऱ्यांची. पूर ओसरला की त्यांना चारा मिळतो, म्हणून ते पुराची वाट बघतात.

१९६७ साली वरच्या अंगाला बरेंडाँग धरण पुरे झाले. त्या पाण्यावर कापूस वाढला आणि खाली गवत आटले, झाडे वाळू लागली. आता प्रश्न असा, की हे पाऊस कमी झाला म्हणून, की पाणी वर अडवले म्हणून? रिचर्ड किंग्सफर्ड आणि रॅचेल थॉमस यांनी १९९५ साली हिशेब मांडला. डब्बो गावापाशी वाहणाऱ्या पाण्यापैकी १९४४-५३ या दहा वर्षांत ५१ टक्के पाणी पूरपट्ट्यापर्यंत पोचत होते. १९८४-९३ मध्ये पोचले २१ टक्के. उरलेले कुठे गेले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पण नेमकी कोणाची जमीन किती वेळा भिजायची, हे नदीवरचे मोजमाप सांगत नाही. ते उपग्रहाने सांगितले. जिवंत पान लाल उजेड खाते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकते. पाणी तोच अवरक्त उजेड गिळते, म्हणून फोटोत काळे दिसते. या दोन उजेडांच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा काढतात. कचेरीत त्याला एनडीव्हीआय म्हणतात. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून असे फोटो घेत आहेत. थॉमस आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २००६ या काळातले पुराचे नकाशे वर्षावर वर्ष असे रचले आणि २०११ साली छापले. आता कोणता तुकडा किती वर्षे भिजला हे कोणालाही दिसते.

एका फोटोने मात्र काही सिद्ध होत नाही. स्थानिक पाऊस पडला की सगळे रान हिरवे होते आणि लवकर करपते. पूर आला की भिजलेला पट्टाच हिरवा होतो आणि महिनोन् महिने तसा राहतो. हा फरक तारखांची रांग लावली तरच कळतो. त्यातही एक मेख आहे. पूर न आल्याने वाळलेल्या रेड गमच्या बुडाशी कोरडवाहू झुडपे माजली. वरून पाहाल तर तीही हिरवीच! झाड मेले आणि झुडूप आले, हे तिथे पायी फिरलेल्या माणसांनी नोंदवले.

आता आपल्याकडे या. केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये पिकांची स्थिती ठरवायला हाच हिरवेपणा धरला आहे. २०१८ साली महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो याच संहितेनुसार. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, मला उपग्रहाचे वावडे नाही. पण कपाशीची पातेगळ झाली तरी पान हिरवे राहते. ज्वारी पोटरीत अडकली, दाणा भरला नाही, तरी ताट हिरवेच. बांधावरची बाभळ आणि पडीकातले गाजरगवत यांचा हिरवेपणाही तालुक्याच्या सरासरीत जमा होतो.

म्हणून संहितेतच प्रत्यक्ष पाहणी सांगितली आहे, १० टक्के गावांत. ती पाहणी कधी येते आणि कोणाच्या बांधावर थांबते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? येत्या खरिपात प्रत्येक गावात एक वही ठेवायची. गट नंबर, पेरणीची तारीख, पावसाचा खंड किती दिवसांचा, पातेगळ कधी झाली, ज्वारी कधी पोटरीत आली. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाचे फोटो आज फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. कॉलेजात शिकणारी आपली पोरे ते संगणकावर उघडू शकतात. वहीतली तारीख आणि त्या तारखेचा फोटो शेजारी ठेवून, मगच तहसीलदारांकडे जायचे.