आधी माणूस की आधी व्यवस्था?

(वडनेर भोलजी येथील व्याख्यानाचा गोषवारा)



समाजवादाचा विषय निघाला की गावच्या पारावर एक आक्षेप हमखास येतो : माणूस मुळातच स्वार्थी, मग कसली समता आणि कसली क्रांती! हा आक्षेप जुनाच आहे. हॉब्जने १६५१ साली राज्यसत्तेचे समर्थन याच पायावर केले. दंडाचे भय नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, असे त्याचे म्हणणे. सुमारे शंभर वर्षांनी रूसोने दुसरी बाजू मांडली : माणूस निसर्गतः निर्मळ, खासगी मालमत्तेपासून विषमता वाढली आणि तो बिघडला.

मार्क्सने १८४५ मध्ये वादाची मांडणीच बदलली. मनुष्यस्वभाव ही जन्मजात ठेव नव्हे; तो सामाजिक संबंधांतून घडतो. शोषितांना या विचाराने मोठे बळ दिले. मात्र त्यातून एक घातक निष्कर्षही काढला गेला : उद्याचा नवा माणूस घडवायचा असेल, तर आजच्या माणसावर केलेला जुलूम क्षम्य आहे. १९३८ मध्ये मॉस्कोत बुखारीनसारख्या जुन्या क्रांतिकारकाला क्रांतीच्याच राज्याने गोळी घातली. कारखान्यांची मालकी बदलली होती. सत्तेला जाब विचारण्याची सोय मात्र उरली नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, ती याच संदर्भात. शोषण नष्ट व्हावे हे दोघांचेही ध्येय. अंतर आहे ते साधनांचे. बळाने आणलेली समता बळ ओसरल्यावर कशाच्या आधारावर टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. पण म्हणून त्यांनी सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिली काय? मुळीच नाही. १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर त्यांनी पाण्याचा हक्क बजावला आणि संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

महाराष्ट्राने आणि देशाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचे दान मिळाले आणि भूदानयात्रा सुरू झाली. माणसातील चांगुलपणा खरा आहे, हे तिने दाखवून दिले. पण पाच कोटी एकरांच्या उद्दिष्टाचा लहानसा हिस्साच हाती आला आणि त्यातही पडीक जमीन बरीच निघाली. देणारा दाता राहिला, घेणारा याचक राहिला.

दुसरी वाट रोजगार हमीची. कापूस-ज्वारीच्या या पट्ट्यात उन्हाळा लागला की शेतमजुराच्या हाताला काम राहत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर १९७७ मध्ये महाराष्ट्राने काम मागण्याचा हक्क कायद्यात आणला. त्यासाठी शहरी नोकरदार व्यवसाय कर भरू लागला. तो उदार आहे की कंजूष, हे कायद्याने विचारले नाही. स्त्री-पुरुषांना समान मजुरी हे तत्त्व ठरले. मजूर याचक न राहता हक्कदार झाला. तरीही हजेरीपटावर खोटी नावे चढलीच. कायदा होता, त्याची राखण करणारी नीती अपुरी पडली.

तेव्हा ‘आधी माणूस की आधी व्यवस्था’ हा प्रश्नच चुकीचा आहे. व्यवस्थेवाचून नीती ही भिक्षा ठरते. नीतीवाचून व्यवस्था हा चाबूक ठरतो. माणूस देव नाही, म्हणून सत्तेला अंकुश हवा. तो पशूही नाही, म्हणून लोकशाही समाजवाद शक्य आहे.

समतेवर व्याख्यान देऊन घरी परतणारा कार्यकर्ता आपल्या शेतात निंदण करणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देत असेल, तर त्याची क्रांती त्याच्याच धुऱ्यावर अडली आहे. सुरुवात तेथूनच करावी लागेल. आणि सोबत, सार्वजनिक कामाचा हजेरीपट ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, असा आग्रह धरावा लागेल.